परदेशात फुल ट्रायथलॉन करायला जाताना: रेस निवडण्यापासून सायकल परत घरी येईपर्यंत

३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल आणि ४२.२ किमी धावणं. १९७८ मध्ये हवाईतल्या ओआहू बेटावर पंधरा जण पहिल्यांदा या वाटेला लागले. फुल डिस्टन्सचा आकडा आजही तोच आहे आणि जगात कुठेही गेलात तरी तोच राहतो. बदलतं ते बाकी सगळं: पाण्याचं तापमान, वारा, रस्त्याची बाजू, झोपेची वेळ, पोटात जाणारं अन्न. आणि सायकल, कारण ती एकदा सुटी होऊन परक्या खोलीत पुन्हा जोडलेली असते. परदेशात रेस अर्धवट सोडावी लागलेले जे लोक मला भेटले, त्यांच्यातल्या बहुतेकांचा सराव पुरेसा झाला होता. ते अडले या दुसऱ्या यादीवर.

म्हणून या लेखात ट्रेनिंग प्लॅन दिलेला नाही. परकी गोष्ट रेसच्या दिवसाआधी जितकी ओळखीची करून घेता येईल तितकी कशी करायची, एवढंच सांगतो. हाफ करणाऱ्यांनाही, म्हणजे १.९, ९० आणि २१.१ किमीवाल्यांनाही, यातलं जवळपास सगळं लागू पडतं.

नऊ ते बारा महिने आधी: रेस निवडणं

बहुतेक जण देश आवडतो म्हणून रेस निवडतात. त्यात वाईट काही नाही, पण पैसे भरण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून काढा: पाणी कसलं आहे, सायकलच्या मार्गावर चढ किती, रेसच्या महिन्यात दुपारी तापमान किती असतं, आणि कटऑफ, म्हणजे प्रत्येक टप्पा संपवण्याची शेवटची मुदत, काय आहे.

काही उदाहरणं देतो म्हणजे फरक लक्षात येईल. जर्मनीतल्या रोटला पोहणं कालव्यात होतं. लाटा नाहीत, प्रवाह जवळपास नाही, दोन्ही काठ डोळ्यांसमोर. ऑस्ट्रेलियातल्या बसलटनला समुद्रात १.८ किमी लांबीची लाकडी जेटी आहे, तिला वळसा घालून परत यायचं आणि पुढचा सायकलचा रस्ता सपाट. लान्झारोटेला सायकलवर सुमारे २,५०० मीटर चढ आणि वर उघड्या बेटावरचा वारा. फ्रान्समधल्या नीसला समुद्रातून बाहेर पडलात की थेट डोंगरात. मलेशियातल्या लांकावीला दमट उष्णता अशी की घाम वाळतच नाही. नॉर्वेतल्या नॉर्समनला पहाटे फेरीबोटीतून फियोर्डच्या थंड पाण्यात उडी मारायची असते, वाटेत खाणंपिणं देणारी आपली माणसं आपणच न्यायची असतात आणि पुढे असलेल्या ठराविक जणांचा शेवट पर्वताच्या माथ्यावर होतो. या सगळ्या रेस एकाच अंतराच्या आहेत, पण एकीचा वेळ दुसरीला लावून अंदाज बांधू नका.

पहिल्या परदेशी रेससाठी माझं मत स्पष्ट आहे. घरच्या वेळेपेक्षा फार फरक नसलेली, घरच्यासारख्याच हवामानातली आणि सपाट किंवा हलक्या चढाची रेस घ्या. प्रवासाचा ताण हाच एक नवा विषय पुरे आहे. अवघड मार्ग दुसऱ्या वेळी.

कटऑफ नीट वाचा. आयर्नमॅन या जगभर रेस भरवणाऱ्या कंपनीच्या बऱ्याच फुल रेसना एकूण १७ तास, पोहायला २ तास २० मिनिटं आणि सुरुवातीपासून सायकल संपेपर्यंत १० तास ३० मिनिटं असतात. पण हा सगळीकडचा नियम नाही. काही शहरांत रस्ते लवकर उघडावे लागतात, तिथे मुदत तास-दोन तासांनी कमी असते. तुमचा अंदाज साडेपंधरा तासांचा असेल तर हा फरक तुमच्यासाठी फार मोठा आहे.

प्रवेशशुल्क परत मिळण्याचे, पुढच्या वर्षी ढकलण्याचे किंवा दुसऱ्या रेसला वळवण्याचे नियम पैसे भरण्याआधीच वाचा. व्हिसा नाकारला गेला तर काय, हा प्रश्न आयोजकांना ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

सहा महिने आधी: कागद

नोंदणी करताना पासपोर्टवरचं नाव अक्षरन् अक्षर तसंच टाका. बिब (अंगावर लावायचा स्पर्धक क्रमांक) घेताना ओळखपत्र बघतात, आणि तुमच्या जागी दुसऱ्या कुणाला बिब देत नाहीत. परतीनंतर निदान सहा महिने पासपोर्ट चालू राहील हे पाहा, कारण बरेच देश तेवढी मुदत मागतात.

व्हिसा लागत असेल तर आयोजकांकडून नोंदणीची पुष्टी आणि निमंत्रणपत्र मागा. बहुतेक मोठ्या रेस ते देतात. शेंगेन देशांसाठी अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो. पण १५ दिवस ही कागदावरची मुदत झाली. उन्हाळ्याच्या हंगामात मुलाखतीची तारीखच दोन-दोन महिने मिळत नाही, आणि युरोपातल्या बऱ्याच रेस नेमक्या उन्हाळ्यात असतात.

विम्याबाबत एक गोष्ट कळकळीने सांगतो. नेहमीच्या प्रवासविम्यात स्पर्धात्मक खेळ बऱ्याचदा वगळलेला असतो. पॉलिसीतली ‘यात काय समाविष्ट नाही’ ही यादी शेवटपर्यंत वाचा आणि ट्रायथलॉनचं नाव घेऊन लेखी उत्तर मिळवा. सायकलवरून पडून खांदा मोडला तर शस्त्रक्रिया, तिथला मुक्काम आणि घरी परत आणणं, हे तिन्ही त्यात हवं. सायकलचा विमा वेगळा असतो.

इटलीसारख्या देशात स्पर्धेसाठी डॉक्टरचं प्रमाणपत्र सक्तीचं असतं आणि ते त्यांच्याच नमुन्यात द्यावं लागतं. काही ठिकाणी तिथल्या महासंघाचा एक दिवसाचा परवाना घ्यावा लागतो, तो सहसा नोंदणीतच मिळतो. दोन्हींची माहिती अ‍ॅथलीट गाइडमध्ये असते. हे गाइड, म्हणजे आयोजकांची माहितीपुस्तिका, रेसच्या काही आठवडे आधी येतं, तोपर्यंत मागच्या वर्षीचं उघडून वाचायला घ्या.

नेहमीची औषधं घेत असाल तर उत्तेजकविरोधी नियम तुम्हालाही लागू आहेत, केवळ व्यावसायिक खेळाडूंना नाही. वाडाची, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची, बंदी यादी दर वर्षी १ जानेवारीला नव्याने लागू होते. सर्दीच्या साध्या गोळीत स्यूडोएफेड्रिन असू शकतं आणि ठराविक प्रमाणाबाहेर ते स्पर्धेत निषिद्ध आहे. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध काही देशांत सीमेवरच अडवतात. डॉक्टरची चिठ्ठी आणि मूळ वेष्टन सोबत ठेवा.

दहा आठवडे आधी: तिथलं हवामान घरी आणणं

गरम ठिकाणी जायचं असेल तर शरीराला उष्णतेची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. या काळात रक्तातला द्रवाचा भाग वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. तेवढे दिवस आधी जाणं फार थोड्यांना जमतं, म्हणून ही सवय घरी करा. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत पंखा बंद करून ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायचा स्टँड) तासभर हलकी सायकल चालवा, किंवा धावून आल्यावर गरम पाण्यात अर्धा तास बसा. जोर नको, शरीर तापलेलं राहणं एवढाच उद्देश आहे. घरात दुसरं कुणीतरी असतानाच करा, आणि चक्कर आली तर लगेच थांबा. ही सवय दोन-तीन आठवड्यांत उतरते, त्यामुळे फार लवकर करून उपयोग नाही.

थंड पाण्याचं वेगळं. गार पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटभरात श्वास तुटक होतो, छाती आवळल्यासारखी वाटते आणि चांगले पोहणारेसुद्धा घाबरतात. हा झटका दोन मिनिटांत ओसरतो. वेटसूट, म्हणजे थंडीपासून वाचवणारा रबरी पोशाख, घालून मी पहिल्यांदा १५ अंशांच्या तलावात उतरलो तेव्हा चेहरा पाण्यात घालताच श्वास बाहेरच येईना. शेजारच्या बाईंनी सांगितलं, ‘उताणे व्हा, आभाळाकडे बघा, वेटसूटची मान ओढून पाणी आत जाऊ द्या.’ मी तसं केलं. आत गेलेलं पाणी अंगाच्या उबेने कोमट झालं, श्वास लांबला आणि पाठीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. तेव्हापासून रेसआधी पाण्यात उतरू देत असतील तर चेहऱ्यावर पाणी मारून, पाच मिनिटं शांतपणे पोहून मगच स्टार्टला उभा राहतो.

वेटसूटचा नियमही बघून ठेवा. आयर्नमॅनच्या रेसमध्ये हौशी स्पर्धकांना पाणी २४.५ अंश सेल्सिअसपर्यंत असेल तर वेटसूट चालतो. त्याच्या वर २८.८ पर्यंत घालता येतो, पण मग बक्षिसाचा हक्क जातो, आणि त्याहून गरम पाण्यात पूर्ण बंदी. सूटची जाडी ५ मिमीपर्यंतच. निर्णय कधीकधी रेसच्या सकाळी जाहीर होतो, म्हणून सूट घालून आणि न घालता, दोन्ही तऱ्हांनी लांब पोहण्याचा सराव हवा. वेटसूटमध्ये एकदाही ३ किमी न पोहता परदेशात गेलेला माणूस मानेवर सोललेली कातडी घेऊन सायकलवर बसतो.

डोंगराळ मार्ग असेल तर चढाइतकीच उताराची तयारी करा. सपाट प्रदेशातल्या सायकलस्वाराला लांब वळणदार उतार भीतीचा वाटतो आणि सतत ब्रेक दाबून हात सुन्न होतात. गिअरही तपासा. पुढे ३४ दातांची छोटी चेनरिंग आणि मागे ३२ किंवा ३४ दातांची कॅसेट असली की गुडघे वाचतात, आणि धावायला पाय शिल्लक राहतात.

सायकल: सुटी करणं, भरणं, पुन्हा जोडणं

हा भाग मुद्दाम लांब लिहितो, कारण गोष्टी सगळ्यात जास्त इथेच बिघडतात.

आधी ठरवा, स्वतःची न्यायची की तिथे भाड्याने घ्यायची. फुल डिस्टन्ससाठी माझा कौल स्वतःच्याच सायकलीला. १८० किमी परक्या सॅडलवर बसणं सोपं नाही. भाड्याने घेतलीच तर आपली सॅडल आणि पेडल घेऊन जा, आणि ब्रेकचे लीव्हर तपासा: काही देशांत पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, काही ठिकाणी डाव्या. उतारावर सवयीने चुकीचा लीव्हर दाबला तर माणूस थेट हँडलबारवरून पुढे जातो.

बॉक्स कडक कवचाचा असो की गादी लावलेली बॅग, रेसच्या तीन आठवडे आधी एकदा घरी पूर्ण भरून पुन्हा जोडून बघा. घड्याळ लावा. पहिल्यांदा दोन तास लागतात, तिसऱ्यांदा पाऊण तास. माझा क्रम असा:

१. काहीही सैल करण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. सीटपोस्ट (सॅडलचा दांडा) फ्रेममध्ये जिथे शिरतो तिथे इलेक्ट्रिकल टेप गुंडाळा. स्टेमखालचे (हँडलबार धरणाऱ्या भागाखालचे) स्पेसर आणि एरोबारची (पुढे झुकून धरायच्या दांड्यांची) उंची मोजून फोनमध्ये लिहा.

२. पेडल काढा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पाना वरच्या बाजूला उभा धरला की दोन्ही पेडल सायकलच्या मागच्या दिशेने फिरवून सुटतात, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

३. चेन मागे सगळ्यात लहान चक्रावर आणून चाकं काढा. डिस्क ब्रेक असतील तर रोटर (ब्रेकच्या गोल चकत्या) उतरवून वेगळे गुंडाळा आणि ब्रेकपॅडच्या मध्ये प्लॅस्टिकचा स्पेसर घाला. तो नसताना प्रवासात लीव्हर दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात. फोर्कच्या दोन पायांमध्येही स्पेसर हवा.

४. मागचा डिरेल्युअर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) बोल्ट काढून फ्रेमच्या आत वळवा, फडक्यात गुंडाळून चेनस्टेला (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीला) बांधा. इलेक्ट्रॉनिक गिअर असेल तर काढता येणारी बॅटरी काढा आणि आत असलेल्या बॅटरीची वायर सोडवा. नाहीतर बॉक्समध्ये बटण दाबलं जाऊन मोटर चालू राहते.

५. हँडलबार काढून फ्रेमच्या बाजूला बांधा. हायड्रॉलिक ब्रेकची नळी कुठे मुडपत नाही ना, हे बघा. नळ्यांवर फोमचे तुकडे घाला. जिथे धातू कार्बनला लागतो तिथे दुप्पट.

६. टायरमधली हवा थोडी कमी करा. पूर्ण काढली तर रिमला गादी राहत नाही.

हत्यारांच्या पिशवीत ॲलन की, टी-२५ टॉर्क्स, छोटा टॉर्क रेंच, रोटरचा पाना, चेनची क्विक लिंक, दोन ट्यूब, कार्बन पेस्ट, टेप आणि परतीसाठी झिप टाय. आणि एक गोष्ट कधीही विसरू नका: तुमच्या फ्रेमच्या मॉडेलचा जादा डिरेल्युअर हँगर, म्हणजे डिरेल्युअर ज्यावर बसतो तो भाग. मऊ धातूचा हा लहानसा तुकडा धक्का स्वतःवर घेऊन वाकावा म्हणूनच बनवलेला असतो, आणि प्रत्येक फ्रेमचा निराळा असतो. एका रेसला मी गुरुवारी रात्री बॉक्स उघडला. बाहेरून ओरखडासुद्धा नव्हता. सायकल जोडली, स्टँडवर फिरवली, गिअर सगळ्यात मोठ्या चक्रावर टाकला आणि टिक टिक टिक असा आवाज आला: डिरेल्युअर स्पोकला घासत होता. मागून नजर लावून पाहिलं तर हँगर आत झुकलेला. तसाच गिअर टाकत राहिलो असतो तर पहिल्याच चढावर डिरेल्युअर चाकात गेला असता. दुसऱ्या दिवशी एक्स्पोतल्या (रेसच्या जागी भरणाऱ्या दुकानांच्या मेळ्यातल्या) मेकॅनिककडे तो तुकडा नव्हता, गावातल्या दोन्ही दुकानांत नव्हता. माझ्या पिशवीत होता. वीस मिनिटांत बदलला. माझ्या पुढे रांगेत उभ्या असलेल्या माणसाकडे नव्हता, आणि तो ती रेस करू शकला नाही.

विमान कंपनीत सायकलची नोंद तिकिटासोबतच करा. बॉक्सचं माप आणि वजन दोन्ही सांगा. एका नगाचं वजन ३२ किलोच्या वर गेलं तर बहुतेक कंपन्या सामानात घेतच नाहीत. टायरमध्ये झटकन हवा भरायची सीओटू काडतुसं नेऊ नका. नियम देशागणिक आणि कंपनीगणिक बदलतात, अमेरिकेत तर ती सामानातही चालत नाहीत. पोहोचल्यावर एक्स्पोत घ्या. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, चेक-इन सामानात कधीच नाही.

हातातल्या बॅगेत सायकलचे बूट, पेडल, हेल्मेट, गॉगल, ट्रायसूट आणि धावायचे बूट. सायकल हरवली तर भाड्याने मिळेल. पायाला बसलेले बूट मिळणार नाहीत. जेल (रेसमध्ये खायची गोड, घट्ट एनर्जी जेल) द्रवात मोजतात, म्हणून ती मोठ्या बॅगेत. पावडर मूळ डब्यातच ठेवा, बिनलेबलच्या पिशवीतली पांढरी पूड तपासणीत बराच वेळ खाते. ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला जाणार असाल तर टायर आणि बूट ब्रशने घासून धुवा आणि सगळं खाणं फॉर्मवर जाहीर करा. तिथे मातीचा कणही बघतात.

निघताना सायकलचं बिल आणि बॉटम ब्रॅकेटखालच्या (पेडलचा आस बसतो त्या भागाखालच्या) सिरियल नंबरचा फोटो जवळ ठेवा, आणि आपल्या देशाच्या कस्टम्सकडून सायकल बाहेर नेत असल्याची नोंद करून घेता येत असेल तर घ्या. परत येताना ती नवी खरेदी नाही हे दाखवावं लागू शकतं.

उतरल्यावर बॉक्स बहुधा नेहमीच्या पट्ट्यावर येत नाही, मोठ्या सामानाचा वेगळा कोपरा असतो. विमानतळ सोडण्याआधी तिथेच उघडून बघा. नुकसान दिसलं तर तिथल्या काउंटरवर लेखी तक्रार करा आणि तिचा क्रमांक घ्या. माँट्रियल करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार सात दिवसांच्या आत करावी लागते.

जोडणी त्याच दिवशी करा, थकला असलात तरी. बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळू नका. स्टेम आणि सीटपोस्टवर किती न्यूटन-मीटर ते छापलेलं असतं. मग सगळे गिअर टाकून १५-२० मिनिटं चालवा आणि परत आल्यावर प्रत्येक बोल्ट पुन्हा तपासा.

विमान, झोप आणि घड्याळ

शरीराचं घड्याळ ढोबळमानाने दिवसाला एक तास सरकतं. सहा तासांच्या फरकाला सहा दिवस, आणि पूर्वेकडे जाताना जास्त त्रास. पश्चिमेकडे गेलात तर मात्र एक सोय होते: पहाटे तीन-चारला आपोआप जाग येते आणि रेसच्या सकाळी नेमकं तेव्हाच उठायचं असतं. म्हणून पश्चिमेला गेल्यावर तिथल्या वेळेशी पूर्ण जुळवून घेण्याच्या मागे लागू नका. रात्री आठ-नऊला झोपा, पहाटे उठा, तीच लय रेसपर्यंत ठेवा. पूर्वेला जाताना उलट: निघण्याआधी चार-पाच दिवस रोज अर्धा तास लवकर झोपा आणि लवकर उठा.

लांब विमानप्रवासात दर तासाला उठून चाला, कॉम्प्रेशन मोजे घाला, पाणी पीत राहा. जोडविमान असेल तर मध्ये निदान तीन तास ठेवा. तुम्ही धावत दुसरं विमान गाठाल, पण सायकल गाठणार नाही. रेसच्या चार-पाच दिवस आधी पोहोचायचं धरा, फरक मोठा असेल तर आठवडाभर.

आणि रेसच्या आदल्या रात्री झोप लागली नाही तर घाबरू नका. जवळपास कुणालाच लागत नाही. त्याच्या आदल्या दोन रात्री चांगल्या गेल्या की पुरतं.

रेसचा आठवडा

राहायला स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. रेसच्या आधीच्या ३६ ते ४८ तासांत वजनाच्या दर किलोमागे रोज ८ ते १२ ग्रॅम कर्बोदकं खायची असतात. सत्तर किलोच्या माणसाला रोज साडेपाचशे ग्रॅमच्या वर. ते उपाहारगृहात मागवून जमत नाही, शिवाय आदल्या संध्याकाळी गावातलं प्रत्येक टेबल भरलेलं असतं. फळांच्या साली, कच्चं सॅलड, नवे मसाले, ओळखीचा नसलेला समुद्रातला पदार्थ, सगळं रेसनंतर. पहाटेच्या नाश्त्यासाठी हॉटेलवर विसंबू नका.

वाटेतल्या केंद्रांवर कुठलं पेय आणि कुठली जेल मिळणार, हे गाइडमध्ये दिलेलं असतं. घरी सराव करतानाच ती मागवून लांब राइडमध्ये वापरून बघा. पोटाला नाही मानवली तर आपलं सगळं सोबत न्यायचं, हे निदान आधी कळेल. ताशी ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकं हा सायकलवरचा सर्वसाधारण पल्ला आहे, पण साठच्या वर जायचं तर ग्लुकोजबरोबर फ्रुक्टोजही हवं आणि पोटाला त्याची कित्येक आठवड्यांची सवय हवी. फक्त साधं पाणी भरमसाट पिणंही धोक्याचं आहे, रक्तातलं सोडियम घसरतं.

मार्ग आधी बघा. पूर्ण सायकल मार्ग चालवायची गरज नाही, गाडीतून फिरा आणि अवघड उतार, खराब रस्ता, वळणं नोंदवा. रस्त्याची बाजू मनात घट्ट बसवा. जिथे वाहनं उजवीकडून चालतात तिथे तुम्ही उजवीकडे राहून डावीकडून पुढे जायचं. सवयीने उलट केलंत तर दंड होतोच, पण मागून येणाऱ्याला धडकही बसते. रोजच्या हलक्या राइडमध्ये मुद्दाम मोठ्याने स्वतःला सांगत राहा: ‘उजवीकडे राहा, डावीकडून पुढे जा.’

ब्रीफिंगला, म्हणजे आयोजक नियम समजावतात त्या बैठकीला, जाच. आयर्नमॅनच्या रेसमध्ये पुढच्या सायकलीपासून १२ मीटर अंतर ठेवायचं, ते पुढच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत मोजतात. त्या टापूत शिरलात तर २५ सेकंदांत पुढे निघा.

बॅगा आदल्या दिवशी जमा होतात. आयर्नमॅनमध्ये सायकलच्या सामानाची निळी, धावण्याची लाल आणि घालून आलेल्या कपड्यांची पांढरी. जमा करण्याआधी पलंगावर प्रत्येक बॅग उलटी करा आणि डोळे मिटून रेस आठवत वस्तू एकेक करून आत टाका: पाण्यातून आलो, वेटसूट काढला, आता काय लागेल? मग ट्रान्झिशनमध्ये (एका प्रकारातून दुसऱ्यात जाताना कपडे-सामान बदलायची जागा) पाण्याच्या बाहेरच्या दारातून आपल्या सायकलपर्यंत चालत जा, रांगा मोजा आणि एखादी न हलणारी खूण धरा, खांब किंवा झाड. शेजारची चमकदार सायकल खूण म्हणून धरू नका, तिचा मालक तुमच्या आधी निघून गेलेला असेल.

रेसचा दिवस

पहाटे टायरमध्ये हवा भरा, बाटल्या लावा, कॉम्प्युटर चालू करा. टायमिंग चिप घोट्याला. तिथून पुढे नवं काही नाही. सायकलचे पहिले ३० किमी जरा जास्तच सोपे वाटू द्या: प्रवासाने थकलेलं शरीर आणि गर्दीचा जोश, दोन्ही मिळून पहिल्या तासात जादा जोर लावायला भाग पाडतात आणि त्याची किंमत धावताना पंचविसाव्या किलोमीटरला मोजावी लागते. दुखणं दाबायला आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घेऊ नका, पाणी कमी झालेल्या शरीरात त्या मूत्रपिंडावर ताण आणतात. बिबच्या मागच्या बाजूला आपलं नाव, आपत्कालीन फोन देशाच्या कोडसह, रक्तगट आणि औषधांची ॲलर्जी लिहा. बेशुद्ध पडलात तर तिथल्या डॉक्टरांना तेवढंच हाताशी असतं.

नंतर

मुक्कामाच्या खोलीची किल्ली, फोन आणि गरम कपडे पांढऱ्या बॅगेत होते ना? शेवटची रेषा ओलांडल्यावर शरीर अर्ध्या तासात थंड पडतं. लघवी गडद तपकिरी झाली, उलट्या थांबेनात किंवा बोलताना गोंधळ व्हायला लागला तर थेट वैद्यकीय तंबूत जा.

त्याच रात्रीचं विमान धरू नका. सुजलेले पाय आणि कमी झालेलं पाणी घेऊन दहा तास बसून राहिलं तर पायात गुठळी होण्याचा धोका वाढतो. निदान दोन रात्री राहा, रोज हळू चाला, आणि परतीलाही कॉम्प्रेशन मोजे घाला.

समुद्रातली रेस असेल तर बॉक्स भरण्याआधी सायकल गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवा. घाम आणि खेळाचं पेय हेडसेटच्या (हँडल जिथे फिरतं त्या जोडाच्या) बेअरिंगमध्ये उतरलेलं असतं, ते आठवडाभर बॉक्समध्ये बंद राहिलं तर गंज धरतो. चेन पुसून तेल द्या, बोल्टना थोडं ग्रीस लावा, मग तोच सहा पायऱ्यांचा क्रम. घरी पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी सायकल जोडून हँगर पुन्हा बघा. वापरला असेल तर दुसरा मागवा आणि हत्यारांच्या पिशवीत ठेवूनच बॉक्स माळ्यावर टाका.